अर्ध्या डॉलरची हॅट

थिओडोर ड्रायझरची ‘सिस्टर कॅरी’ ही कादंबरी १९०० साली निघाली. मोहाला बळी पडलेल्या मुलीची कथा, अशी तिची ओळख अजूनही करून दिली जाते. लहानशा गावातली अठरा वर्षांची मुलगी १८८९ साली शिकागोस येते, दुकानांतील वस्त्रांना भुलते आणि एका परपुरुषाच्या आश्रयाने राहू लागते. एवढे सार काढले की टीकाकाराचे काम भागते. हे वाचन मला अन्यायाचे वाटते. त्याचे कारण शोधण्यासाठी साहित्यशास्त्राकडे जाण्याची गरज नाही. साधा जमाखर्च पुरेसा आहे.

जोड्यांच्या कारखान्यात कॅरीला आठवड्याला साडेचार डॉलर मिळतात. त्यांतील चार राहण्याजेवण्यापोटी थोरल्या बहिणीच्या हाती जातात. उरलेल्या अर्ध्या डॉलरात ट्रामचे भाडे, छत्री आणि थंडीचे कपडे बसवावयाचे. महिनाअखेरीस हिशेब जुळवीत बसणाऱ्या आपणा पगारदारांना हे कोष्टक कोणी समजावून सांगावयास नको. छत्री घेतली तर बहीण तिला वेड्यात काढते. हिवाळा येतो, अंगावर पुरेसे ऊबदार काही नसल्याने मुलगी आजारी पडते आणि त्यातच नोकरी जाते. ड्रूए नावाचा फिरता विक्रेता तिच्या हाती दहा-दहा डॉलरांच्या दोन नोटा ठेवतो, तो ह्यानंतर. मात्र ड्रायझर तिला केवळ गरजवंत करून सोडत नाही. जाकीट ऊबदार हवे, तसे ते सुंदरही हवे, हे तो लपवीत नाही. पुढे तर लेसची कॉलर आणि नवे जोडे तिच्याशी प्रत्यक्ष बोलू लागतात. गरज कोठे संपली आणि हौस कोठे सुरू झाली, हे कॅरीलाही सांगता आले नसते. मला तरी हा ह्या कादंबरीचा सर्वांत खरा भाग वाटतो.

शिवणयंत्र, १८६३ पासून बटरिकने विकावयास काढलेले कागदी बेतांचे नमुने आणि मोठमोठी बहुवस्तू भांडारे ह्यांनी अमेरिकेत एक अडचण उभी केली होती. कारकून मुलगीही दुरून शेठाणीसारखी दिसू शकेल, तर शेठाणीने काय करावे? थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली उत्तर दिले की, जी वस्त्रे अंगावर असता काम करणेच अशक्य, ती तिने वापरावी. घट्ट कॉर्सेटचा अर्थ त्याने असाच लावला आहे. ईडिथ व्हॉर्टन त्याच्याही पुढे जाते. तिच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’मध्ये जुन्या घराण्यांतील स्त्रिया पॅरिसहून आलेले पोशाख दोन वर्षे पेटीत ठेवून मगच अंगावर घालतात. नवे कोणीही विकत घेऊ शकतो. थांबण्याची ऐपत मात्र घराण्यातून यावी लागते. अख्खे समाजशास्त्र तिने एका पेटीत बसविले आहे!

तिच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’ (१९०५) मधील लिली बार्ट कॅरीच्या उलट वाटेने जाते. श्रीमंतांच्या मेजवान्यांना जावयाचे तर कपडे हवेत, कपड्यांसाठी पैसा हवा आणि पैशासाठी कोणाचे तरी मिंधेपण. शेवटी ती हॅट तयार करण्याच्या कारखान्यात कामाला बसते, आणि आयुष्यभर उत्तमोत्तम हॅट मिरविलेल्या ह्या स्त्रीला चमक्यासुद्धा नीट टाकता येत नाहीत. भोवतालच्या फिकुटलेल्या मुली ज्या शेठाणींची नावे घेत गप्पा मारतात, त्या लिलीच्या कालपरवापर्यंतच्या मैत्रिणी. ह्या प्रकरणात व्हॉर्टन ड्रायझरहून मोठी वाटते. कॅरीने कारखाना सोडला की ड्रायझरही तो सोडतो, आणि ते जाकीट कोणी शिवले हा प्रश्न त्याला पडत नाही. पण व्हॉर्टनलाही त्या मुलींची मुखे लिलीच्या दुःखाची पार्श्वभूमी म्हणूनच हवी आहेत. त्यांतील एकीची वेगळी कथा ती सांगत नाही.

ती कथा कादंबरीबाहेर राहिली. त्या काळी शर्टवेस्ट, म्हणजे पुरुषी सदऱ्याच्या धर्तीचा पोलका, सर्व वर्गांतील स्त्रिया वापरीत. तो शिवणाऱ्या न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यास २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ माणसे मेली. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या. त्याआधी, १९०९ च्या नोव्हेंबरात, ह्या धंद्यातील सुमारे वीस हजार कामकऱ्यांनी संप केला होता. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, आणि बऱ्याच जणी ठेवणीतले कपडे व हॅट घालून पहाऱ्यास उभ्या राहात. वृत्तपत्रांना ह्याचे नवल वाटले. इतक्या नटलेल्या मुली उपाशी कशा, असा त्यांचा सूर होता. कॅरीवर नाक मुरडणाऱ्या टीकाकारांची ही भावंडेच.

संपाची हाक देणारी क्लारा लेम्लिक हिने त्याच महिन्यात कारखान्यातील हालांविषयी एका वृत्तपत्रात लिहिले. तासांच्या आणि मजुरीच्या तक्रारींबरोबर तिने हेही नोंदविले की मुलींना हॅट ठेवावयास जागा नाही. एखादीने नवी हॅट आणलीच, तर ती पन्नास सेंटांहून अधिक किमतीची नसते, आणि कारखान्यात ती खराब होते.