जे शिबिर फसलं, तेच आधी वाचा

नेतृत्वविकासाच्या कार्यशाळेत एक गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. अमेरिकेतल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावली, मुलं एकमेकांच्या जिवावर उठली. मग त्यांना एकत्र मिळून करायची कामं दिली आणि सगळे मित्र झाले. तात्पर्य काय, तर स्पर्धा वाईट, सहकार्य चांगलं. टाळ्या, चहा, पुढचं सत्र.

हा प्रयोग खराच झाला होता. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तात्पर्यावर थांबायचं नसतं. त्यामुळे आज या प्रयोगाची जरा उलटतपासणी करू. माझा विषय मानसशास्त्र नाही, पण 'या निरीक्षणांतून हा निष्कर्ष निघतो का?' हा प्रश्न विचारायला विषयाची अट नसते.

आधी घडलं काय ते बघू. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात साधारण अकरा वर्षांची २२ मुलं आणली. मुलं मुद्दाम एकसारखी निवडली होती : गोरी, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय घरातली आणि एकमेकांना न ओळखणारी. अकरा-अकरांचे दोन गट झाले. पहिला आठवडाभर ते वेगवेगळे राहिले आणि प्रत्येक गटाने स्वतःला नाव घेतलं, एक 'ईगल्स' आणि दुसरा 'रॅटलर्स'. दुसऱ्या टप्प्यात बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणे अशा स्पर्धा झाल्या. जिंकणाऱ्या गटाला चषक आणि प्रत्येक मुलाला पदक व खिशातला चाकू मिळणार होता, हरणाऱ्यांना काहीच नाही. मग झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी, शिवीगाळ सगळं झालं. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून उपयोग झाला नाही, उलट अन्नाची फेकाफेक झाली. तिसऱ्या टप्प्यात पाणीपुरवठा बंद पडला, सिनेमासाठी वर्गणी काढावी लागली, ट्रक चालू होईना म्हणून सगळ्यांनी मिळून दोराने ओढला. हळूहळू वैर निवळलं आणि परतीचा प्रवास मुलांनी एकाच बसने केला.

१९६१ च्या पुस्तकात हे सगळं बारकाईने नोंदवलेलं आहे. शेरीफ यांच्या शिबिरांमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद मात्र कार्यशाळेत कोणी सांगत नाही. ती पुढारीपणाबद्दल आहे. स्पर्धा सुरू झाल्यावर एका गटात नेताच बदलला, कारण आधीचा नेता झुंजीत पुढे उभा राहायला कमी पडला. दुसऱ्या एका गटात, ज्याला मुलं दांडगट समजत होती, तोच स्पर्धेच्या काळात हिरो झाला. म्हणजे स्पर्धेने केवळ वातावरण बिघडवलं असं नाही, नेता कोणाला म्हणायचं याचा निकषच बदलला. मुलं तीच, शिबिर तेच, कामाचं स्वरूप बदललं आणि वेगळा माणूस पुढे आला. 'स्पर्धेतून नेतृत्व घडतं' असं आपण सहज म्हणतो. या नोंदी वाचल्यावर वाटतं की स्पर्धा नेतृत्व घडवत नाही, ती एका विशिष्ट प्रकारचं नेतृत्व निवडते. घडवणं आणि निवडणं यांत फार फरक आहे.

आता त्रुटींकडे येऊ.

पहिली गोष्ट, नमुन्याचा आकार किती? चटकन उत्तर येतं, २२. पण निष्कर्ष कशाबद्दल आहे? गटांमधल्या संबंधांबद्दल. मग मोजायचं एकक मूल नव्हे, गट. गट दोनच, आणि त्यांच्यातलं नातं एकच. एका नातेसंबंधावरून सगळ्या मानवजातीबद्दल बोलायचं तर जरा जपून बोलावं लागेल. तुमच्या प्रवेश-मुलाखतीत 'एकक काय?' हा प्रश्न आला तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, क्रम. सहकार्याची कामं भांडणानंतरच आली. ती आधी दिली असती तर? स्पर्धा न लावता दोन गट शेजारी राहिले असते तर? तुलनेसाठी असा कुठलाच गट नव्हता. त्यामुळे सहकार्याने वैर 'निवळलं' इतकं म्हणता येतं. सहकार्याने पुढारी 'घडतात' असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मायकेल बिलिग यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की इथे गट दोन नव्हतेच, तीन होते. तिसरा गट म्हणजे संशोधक. बक्षिसं त्यांनी ठरवली, वेळापत्रक त्यांचं, चुरस टिकावी म्हणून काही गुणही त्यांनीच जुळवून घेतले. पाणी बंद पडलं नव्हतं, पाडलं होतं. ट्रकचंही तेच. शिबिरातले मोठे लोक हे निरीक्षक आहेत, याचा मुलांना पत्ता नव्हता. आज असा प्रस्ताव नैतिकता समितीसमोर ठेवला तर पहिल्याच पानावर अडेल. पण नैतिकता क्षणभर बाजूला ठेवा. ज्या सहकार्याचं आपण कौतुक करतो, त्यात मुलांनी प्रश्न शोधला नव्हता आणि नियमही ठरवले नव्हते. कोणीतरी रचलेल्या अडचणीत त्यांनी दोर ओढला. याला सहकार्य जरूर म्हणू. नेतृत्वाची तयारी म्हणायला मी तरी कचरते.

मग मुलांचं स्वतःचं नेतृत्व दिसलं कुठे? ते दिसलं आदल्या वर्षीच्या, फसलेल्या शिबिरात.

१९५३ मध्ये शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्ह इथे असाच प्रयोग सुरू केला होता. फरक एवढाच की तिथे मुलांना आधी काही दिवस एकत्र राहू दिलं, मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले. स्पर्धा झाल्या, पण हवं तसं वैर पेटेना. मग मोठ्यांनीच गुपचूप खोड्या काढल्या, तंबू पाडला, वस्तूंची नासधूस केली, म्हणजे एका गटाला दुसऱ्याचा संशय यावा. मुलांनी काय केलं? ती एकमेकांशी बोलली. 'आम्ही केलं नाही' असं दुसऱ्या गटाने शपथेवर सांगितलं आणि पहिल्या गटाने ते मानलं. संशय वळला तो मोठ्यांकडे. शेवटी प्रयोग अर्ध्यावर बंद करावा लागला. पुढच्या लेखनात त्याचा उल्लेख अगदी थोडक्यात आला. जीना पेरी यांनी जुनी कागदपत्रं तपासून आणि त्या शिबिरातल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या मुलांशी बोलून २०१८ मध्ये 'द लॉस्ट बॉईज' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचा तपशील सर्वांसमोर आला.

माझ्या मते इथे प्रयोग फसला, पण निष्कर्ष फसला नव्हता. पुरावा तपासणं, समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हे विचारपूर्वक ठरवणं आणि वरून आलेला डाव ओळखणं. नेत्याकडून आपल्याला आणखी काय हवं असतं? तेही एकट्या कोणा वीराने नाही, मुलांनी मिळून केलं. आणि हे स्पर्धा नसलेल्या जागी घडलेलं नाही, स्पर्धा चालू असतानाच घडलं.

१९८३ मध्ये टायरमन आणि स्पेन्सर यांनी इंग्लंडमधल्या स्काउट मुलांवर केलेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. ती मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. शिबिरात स्पर्धा होत्या, पण रॉबर्स केव्हसारखं वैर दिसलं नाही. हाही अभ्यास लहानच आहे, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण दोन्ही एकत्र ठेवले की प्रश्न 'स्पर्धा की सहकार्य' असा उरत नाही. स्पर्धेच्या आधी ओळख होती का, आणि नियम कोणी केले, हे विचारावं लागतं.

हे आपल्याशी कसं जुळतं? समजा एका लॅबमध्ये एकच एचपीएलसी आहे आणि सहा विद्यार्थी. मार्गदर्शक म्हणाले, 'जो आधी डेटा आणेल त्याचं नाव पेपरवर पहिलं.' लगेच कोण पुढे येईल ते बघा. रात्री उशिरापर्यंत मशीन अडवून ठेवणारा. नव्या ज्युनिअरला कॉलम धुवायला शिकवणारी ताई मागे पडेल, कारण त्या तासांना गुण नाहीत. पाच वर्षांनी हाच निवडलेला पुढारी स्वतःची लॅब चालवेल आणि तोच नियम लावेल. उलट मार्गदर्शकांनी सक्तीने 'सहकार्य सप्ताह' जाहीर केला, तर सगळे दोर ओढतील आणि सोमवारी पुन्हा जैसे थे. पण मशीनच्या बुकिंगच्या वहीचे नियम त्या सहा जणांनीच बसून ठरवले, तर? तिथे खटके उडतील, वेळ जाईल. मात्र तिथेच कोणीतरी दुसऱ्याची अडचण मांडायला शिकेल, कोणीतरी स्वतःचा स्लॉट सोडायला शिकेल. याला पुरावा म्हणणार नाही मी, हे गृहीतक आहे. तपासायला सोपं आहे, कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

आपण सगळे नेट, पेट, मुलाखती अशा चाळण्यांमधून येतो. जागा कमी आहेत, तेव्हा चाळण्या राहणारच आणि अभ्यास करावाच लागेल. फक्त गुणवत्तायादीतला क्रम म्हणजे संशोधक म्हणून घडणं, अशी गल्लत करू नका. यादी निवडते. घडायचं ते पुढे, शेजारच्या टेबलावरच्या माणसासोबत.

आणि एखादा गाजलेला प्रयोग वाचाल तेव्हा एक सवय लावून घ्या. तो यशस्वी होण्याआधी कितीदा फसला होता आणि फसलेल्या वेळी नेमकं काय दिसलं होतं, हे शोधा. रॉबर्स केव्ह समजून घ्यायचं असेल तर आधी मिडल ग्रोव्ह वाचा.