श्रद्धा, अश्रद्धा आणि करुणा : ‘श्यामची आई’च्या वाचनातून उभा राहिलेला एक प्रश्न

प्रस्तावना :

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर गेल्या हिवाळ्यात जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे झाले. पूर्णा नदीवरील धरणामुळे हे गाव मराठवाड्याला परिचित आहे. दिवसा श्रमदान आणि सायंकाळी बौद्धिक सत्र, असा आमचा कार्यक्रम असे. सायंकाळच्या सत्रात विद्यार्थी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील एकेक रात्र मोठ्याने वाचत, आणि गावातील काही वडीलधारी मंडळीही ऐकायला येऊन बसत. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध वारकऱ्याने मला सर्वांसमक्ष विचारले, “सर, तुमच्या गळ्यात माळ नाही. देवावर विश्वास नाही असंही तुम्ही म्हणता. मग खोटं बोलायच्या वेळेला तुम्हाला अडवतं कोण?”

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. नरसी आणि गंगाखेड ही नामदेव-जनाबाईंची गावे ज्या परिसरात आहेत, तेथे असा प्रश्न साहजिक आहे. ‘माझ्या आईची आठवण अडवते’ असे काहीसे उत्तर मी दिले. “म्हणजे आमच्यासारखंच की,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. माझ्या दृष्टीने मात्र तो संपला नाही. माणसाच्या नैतिक आणि करुणामय जगण्याला ईश्वरश्रद्धेचा आधार अपरिहार्य आहे काय, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार तत्त्वज्ञानाच्या अंगाने केलेला नाही. मराठी गद्याने या प्रश्नाला कोणते रूप दिले, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

मोळी आणि अळणी भाजी :

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते 1935 साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी 1953 साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून हे पुस्तक म्हणजे अश्रूंचे पुस्तक असा समज अधिकच दृढ झाला. समीक्षकांनीही त्याची बोळवण ‘संस्कारकथा’ म्हणून केली. या दोन्ही समजांमुळे पुस्तकातील नैतिक विचाराची गुंतागुंत दृष्टीआड राहिली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात महार समाजातील एका वृद्ध स्त्रीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. तिला हात द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला तिच्या डोक्यावर मोळी उचलून द्यायला सांगते. मात्र घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. प्रकरणाचे शीर्षक देवाच्या नावाने आहे आणि आईच्या करुणेचे समर्थनही देवाच्या नावानेच होते. सर्व लेकरे देवाची, म्हणून सर्वांना मदत करावी. परंतु त्याच धर्मकल्पनेच्या दुसऱ्या बाजूने आंघोळही येते. शिबिरात हा भाग वाचून झाल्यावर बी.ए. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मोळी उचलायला सांगितली ते चांगलंच, पण आंघोळ कशाला?” यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या वृद्ध वारकऱ्यांनीही मान खाली घातली होती.

विद्यार्थिनीचा हा प्रश्न संहितेच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. येथे श्रद्धा करुणेला प्रेरणाही देते आणि तिची सीमाही आखते. लेखकाने ही विसंगती लपवलेली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. आईला संत करण्याचा मोह त्याला सहज झाला असता. काही आवृत्त्यांनंतर आंघोळीचे वाक्य गाळूनही टाकता आले असते.

याच पुस्तकातील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण या दृष्टीने मुद्दाम शेजारी ठेवून वाचावे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती भाजी जेवतात, तिची स्तुतीही करतात; कारण राबून स्वयंपाक करणाऱ्या बाईला वाईट वाटू नये. ही कृती घडण्यासाठी देवाची आज्ञा लागत नाही, पुण्याची आशा लागत नाही आणि पापाची भीतीही लागत नाही. समोरच्या माणसाच्या मनाचा विचार तेवढा लागतो. (भाजी मुकाट्याने खाल्ल्याने त्या बाईचे कष्ट कमी होत नाहीत, असा आक्षेप आजची वाचक घेईल आणि तो रास्तच आहे.) अत्यंत श्रद्धाळू लेखकाच्या पुस्तकात करुणेचा सर्वांत निर्मळ प्रसंग देवाच्या मध्यस्थीशिवाय घडतो, ही बाब मला महत्त्वाची वाटते. वारकरी आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच आवडत्या पुस्तकात होते. त्या सायंकाळी ते मला सुचले नाही.

पंढरपूरची पायरी :

विनोबांची गीताप्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी लिहून घेतली, तेच साने गुरुजी पुढे 1947 साली विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. 1 मे रोजी सुरू झालेले हे उपोषण 10 मे रोजी सुटले. मोळीच्या प्रसंगातील आंघोळीला गुरुजींनी चौदा वर्षांनी दिलेले उत्तर, असा या उपोषणाचा अर्थ लावता येतो. ते श्रद्धा सोडून तेथे गेले नाहीत. श्रद्धा घेऊनच ते श्रद्धावंतांच्या विरोधात उभे राहिले. भक्तीमुळे त्यांना बळ मिळाले असेल. पण काय योग्य हे ठरवताना परंपरा त्यांच्या बाजूची नव्हती. तो निर्णय त्यांना एकट्यानेच घ्यावा लागला.

नेमक्या याच ठिकाणी गोपाळ गणेश आगरकर (1856-1895) यांची आठवण होते. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांनी घडलेल्या आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला आणि नीतीचा पाया बुद्धी व मानवी हित यांत शोधला. विद्यार्थिदशेत त्यांनी आईला लिहिलेले पत्र सर्वश्रुत आहे. मोठ्या पगाराची आशा बाळगू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकहितासाठी देणार, असा त्याचा आशय आहे. हा निश्चय त्यांनी अडतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत पाळला. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, तरी त्यांचा लेखणीवरचा ताबा सुटला नाही. आगरकरांचे गद्य कोरडे, अशी तक्रार आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. विधवांच्या केशवपनावरील त्यांचे लेखन वाचणाऱ्याला ती मान्य होणार नाही. तेथे करुणा संतापाच्या रूपाने येते. ती रडत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्याच भागातील कुरुंदा गावचे नरहर कुरुंदकर (1932-1982) यांचेही नाव येथे घ्यायला हवे. उघडपणे नास्तिक असलेल्या या विचारवंताने ‘मनुस्मृती’ची चिकित्सा केली, ती धर्मग्रंथ नीट वाचून. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

शिंगणापूरचा चौथरा :

साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपद 1998 पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याकडे होते. श्रद्धाळू संस्थापकाचे नियतकालिक निरीश्वरवादी संपादकाने मृत्यूपर्यंत चालवले, आणि वाचकांना त्यात काही विपरीत वाटले नाही, ही महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातील लक्षणीय गोष्ट आहे. 2000 साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा यासाठी आंदोलन उभारले. तेव्हा त्यांना विचारले गेले की, जो देव तुम्ही मानत नाही, त्याच्या चौथऱ्यावर कोण चढते याच्याशी तुमचा संबंध काय? वरवर पाहता हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु दाभोलकरांचा संबंध शनीशी नव्हता. ज्या स्त्रीला तेथे जायचे आहे आणि जिला ‘तू अपवित्र’ म्हणून अडवले जाते, तिच्याशी होता. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठी आपण श्रद्धाळू असावे लागत नाही. तो चौथरा स्त्रियांना एप्रिल 2016 मध्ये खुला झाला. ते पाहायला दाभोलकर नव्हते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली होती.

पंढरपूरची पायरी आणि शिंगणापूरचा चौथरा यांत त्रेपन्न वर्षांचे अंतर आहे. एका ठिकाणी भक्त उभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नास्तिक. दोघांसमोरचा जमाव मात्र सारखाच, आणि दोघांनाही विचारला जाणारा प्रश्नही एकच : तुम्हाला काय अधिकार? येलदरीच्या आजोबांचा प्रश्न येथे उलटा करून विचारावासा वाटतो. वाईट कृत्यापासून अडवायला देव पुरेसा असता, तर पायरीवर आणि चौथऱ्यावर माणसे अडवणारे सगळे श्रद्धावंत का असावेत? हे मी त्यांना विचारले नाही. विचारले असते तर ते दुखावले असते, आणि त्यांनी स्वतः कोणाला अडवले असेल असे मला वाटत नाही.

तरीही एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. दाभोलकरांचे गद्य स्वच्छ, संयमी आणि समजावून सांगणारे आहे. रुग्णाशी शांतपणे बोलणाऱ्या डॉक्टरचा स्वर त्यात आहे. शंका आणि समाधान ही त्याची मुख्य रीत. मात्र त्यात प्रसंग फारसे उभे राहत नाहीत. त्यांचे प्रकरण वर्गात चर्चेला घेता येते, पण देवळासमोर दिव्याच्या उजेडात वाचून दाखवावे आणि अनोळखी आजीने पदर डोळ्यांना लावावा, असे ते लेखन नाही. श्रद्धेच्या परंपरेकडे कीर्तन आहे, ओवी आहे, वारी आहे. करुणेची सवय लावणाऱ्या या रीती पिढ्यान्‌पिढ्या घोटल्या गेल्या आहेत. विवेकवादी परंपरेने मराठीत उत्तम निबंध दिला. तिने स्वतःची ‘अळणी भाजी’ अजून पुरेशी लिहिलेली नाही. या मताशी विवेकवादी मित्र सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

पदवी स्तरावर साने गुरुजी कथात्म गद्यात आणि आगरकर वैचारिक गद्यात, अशी विभागणी करून आपण शिकवतो. त्यामुळे एकाचे वाचन डोळे पुसण्यात संपते आणि दुसऱ्याचे टिपणे काढण्यात. यंदा मी प्रथम वर्षाच्या वर्गात मोळीचा प्रसंग आणि केशवपनावरील लेख एकाच तासाला, लागोपाठ वाचायला घेणार आहे. आंघोळीविषयी विचारणारी विद्यार्थिनी आता द्वितीय वर्षात गेली आहे. तिलाही त्या तासाला बसायला सांगितले आहे.