‘देऊळ’ : उपदेशकाने पाहावा असा एक चित्रपट

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला तेव्हा त्याने आरोपपत्र आणले नाही. एक गोष्ट आणली. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतल्याची ती गोष्ट ऐकून राजा संतापला व त्याने तत्काळ निकाल दिला. मग नाथानाने बोट राजाकडेच वळवले. ऐकणारा बेसावध असताना त्याच्या तोंडून खरा न्याय वदवून घेणे, हे कथेचे सामर्थ्य आहे. चित्रपट व कादंबरी यांविषयी आपल्या पाळक-उपदेशकांत जो संकोच आढळतो, त्याचा विचार करताना हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

हा संकोच आपल्या परंपरेतून आलेला आहे असेही म्हणता येत नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजी ह्या ख्रिस्ती लेखकाचीच होय. विधवांचे दुःख सांगण्यासाठी त्यांना कथा हेच साधन योग्य वाटले. आज मात्र आपण एक तर चित्रपट निषिद्ध मानतो, किंवा रविवारच्या उपदेशासाठी त्यातून एखादा दाखला उचलून बाकीचा टाकून देतो. ह्या दोन्ही प्रकारांत कलाकृती समग्र पाहिली जात नाही.

प्रस्तुत लेखात उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ ह्या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. तो २०११ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘ब्यारी’ ह्या चित्रपटासह सर्वोत्कृष्ट ठरला. पटकथाकार गिरीश कुलकर्णी यांनीच केशवची भूमिका केली असून तीबद्दल त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

मंगरूळ गावातील केशव हा साधाभोळा गडी आपली गाय शोधण्यास जातो, झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्तगुरूंचे दर्शन घडते. तो ओरडत गावात येतो. गावासाठी रुग्णालय व्हावे म्हणून झटणारे अण्णा (दिलीप प्रभावळकर) त्याला समजावतात की, ही गोष्ट स्वतःपाशीच जपून ठेव. परंतु बातमी पत्रकाराच्या हाती पडते, तरुणांना त्यात उद्योग दिसतो, पुढारी भाऊ (नाना पाटेकर) वाऱ्याची दिशा ओळखतात आणि रुग्णालय बाजूला पडून देऊळ उभे राहते. दुकाने येतात, पैसा येतो. ज्याला दर्शन घडले तो केशव मात्र गर्दीत हरवतो. अखेर तो रात्री मूर्ती उचलून नदीत विसर्जित करतो; तरी गाव थांबत नाही, नवी मूर्ती आणली जाते.

हा चित्रपट दत्तभक्तीची टवाळी करीत नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. केशवच्या श्रद्धेकडे तो आदराने पाहतो. त्याचे दोषही सांगावयास हवेत. उत्तरार्धात बाजाराची दृश्ये एकामागून एक येत राहतात व उपरोध थकतो. गावातील स्त्रिया बहुधा हास्यापुरत्याच उरतात. अण्णा गाव सोडून जातात, तेव्हा त्यांची बाजू अर्धवटच राहते. शिवाय देऊळ की रुग्णालय, असा सरळ सामना मांडणे ख्रिस्ती वाचकास अपुरे वाटेल. बेथानीत येशूच्या पायांना बहुमोल तेल लावले गेले, तेव्हा हे पैसे गरिबांना द्यावयाचे होते असे म्हणणारा यहूदा होता. आराधना आणि सेवा यांत वैर नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे पाहू. धार हे पवारांचे जुने संस्थान. तेथे मराठी बोलणारी घराणी आजही आहेत, तर तिरल्यासारख्या आदिवासीबहुल भागात भिली, भिलाली व माळवी कानी पडते. तेथील तरुण चित्रपट पाहतात ते हातातील फोनवर. मंगरूळची मराठी बोली सर्वांना कळेलच असे नाही, पण मंगरूळ त्यांना परके वाटणार नाही. ह्याच धारमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी रुग्णसेवेचे काम उभारले होते. म्हणून ‘देऊळ’ पाहताना आपल्याला वाटण्याचा संभव आहे की, आम्ही तर रुग्णालय बांधणारे. हा चित्रपट इतरांविषयी आहे.

येथेच आपण दावीद ठरतो. चित्रपटाचे मर्म दगडमातीच्या इमारतीत नाही. केशवचे दर्शन त्याच्याकडून काढून घेतले जाते, ह्यात आहे. आपल्याकडे काय घडते? एखादी बाई रात्री पाळकाकडे येऊन सांगते की, मुलाचा ताप उतरला, मी प्रार्थना केली होती. आपण तिचे शांतपणे ऐकतो का? की पुढल्या सभेत तिला व्यासपीठावर उभे करतो, तिचा फोटो अहवालात छापतो आणि तिच्या कृतज्ञतेची जाहिरात करतो? दुसऱ्या वर्षी तेच मूल पुन्हा आजारी पडले, तर तिने कोणाकडे जावे? साक्ष देणे हा विश्वासाचा भाग खराच. पण बरे केलेल्या कित्येकांना ही गोष्ट कोणास सांगू नका, असे प्रभूने बजावले होते, हेही शुभवर्तमानात आहे. अण्णांचा सल्ला त्या आज्ञेपासून फार दूर नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, हा चित्रपट पाळकाने आधी एकट्याने पाहावा, हाती वही न घेता. नंतर मंडळीतील तरुणांबरोबर पाहावा आणि तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. तुम्ही कोणाला हसलात, एवढेच विचारावे. उत्तरे येऊ द्यावीत. आणि मंडळीत कोणी आपला अनुभव सांगावयास आला असेल, तर त्या रात्री त्याचे नाव कोठेही लिहून ठेवू नये.