चित्रपटांचीं पारितोषिकें आणि वर्षाचें माप

मावळ तालुक्यांतील तळेगाव दाभाडे हें कै. गो. नी. दांडेकर ह्यांचें अनेक वर्षांचें वसतिस्थान. सह्याद्रीचे कडे आणि त्यांवर लोंबणारीं आग्या मोहोळें लोणावळ्याच्या बाजूस हिंडणाऱ्यांस नवीं नाहींत. परंतु त्या मोहोळांवर एका ठाकर तरुणाची सारी जिद्द उभी करणारी 'जैत रे जैत' ही कादंबरी दांडेकरांनीं लिहिली, आणि तीवरून डॉ. जब्बार पटेल ह्यांनीं १९७७ सालीं चित्रपट काढला. त्यास त्या वर्षाच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पारितोषिकें खरोखरच वर्षांतील उत्तम कृतीचा गौरव करितात काय, हा प्रश्न वादास आला म्हणजे आम्हांस हें उदाहरण आठवतें.

त्याच वर्षीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'घटश्राद्ध' ह्या कन्नड चित्रपटास, व सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान स्मिता पाटील ह्यांस 'भूमिका' ह्या हिंदी चित्रपटाबद्दल मिळाला. 'जैत रे जैत'मधील चिंधीही त्यांचीच. 'भूमिके'तील उषेच्या रूपानें एका नटीचें सबंध आयुष्य पुढें येतें; त्यांतील भावनांचे चढउतार मोजावयास सोपे. चिंधीचें सामर्थ्य मात्र रानांत, गाण्यांत आणि ठाकरांच्या मेळ्यांत मिसळून गेलेलें आहे. तें वेगळें काढून तागडींत घालतां येत नाहीं. परीक्षकांनीं चूक केली असें आम्ही म्हणत नाहीं. तागडींत मावेल तेंच तोललें जातें, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरी अडचण वर्षाची. कला पंचांग पाहून जन्मास येत नाहीं. दुष्काळी वर्षींही बहुधा कोणास तरी पदक द्यावें लागतें, आणि सुकाळांत दुसरा उत्तम चित्रपट रित्या हातानें परततो. आचार्य अत्रे ह्यांच्या 'श्यामची आई'स १९५३ सालच्या चित्रपटांतून पहिलें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक लाभलें. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे आला तो २००४ सालीं, संदीप सावंत ह्यांच्या 'श्वास'मुळें. मधल्या पन्नास वर्षांत 'सामना' आणि 'सिंहासन' झाले. तो मान न मिळाल्यानें ते उणे ठरत नाहींत. 'संत तुकाराम' तर १९३६ चा, म्हणजे हीं पदकें निघण्यापूर्वींचा!

मग पारितोषिकें बंद करावींत काय? मुळींच नाहीं. 'श्वास'कडे देशाचें लक्ष वळलें, तो ऑस्करसाठीं भारतातर्फे पाठविला गेला, आणि मराठी चित्रपटास नवी उमेद आली, ह्यांत पदकाचा वांटा मोठा आहे. पदक ही शिफारस होय, अंतिम निकाल नव्हे. म्हणून परीक्षकांनीं नांवाबरोबर आपलीं कारणेंही विस्तारानें छापावींत, आणि कोणत्या कृती मागें राहिल्या व कां, हेंही सांगावें. मग वाचकांस त्यांच्याशीं वाद तरी घालतां येईल.

'जैत रे जैत'च्या शेवटीं नाग्याचा जय होतो, पण त्या जयाची किंमत चिंधीस प्राण देऊन भरावी लागते. जयघोष चालू असतां मागें कोण राहिलें, हें पाहण्याचें काम पदकांचें नव्हे. तें रसिकांचें आहे.