‘आत्मविश्वास’ की ‘क्षमताप्रत्यय’? : नगर जिल्ह्यातील दोन प्रयोगांच्या अनुषंगाने

मनुष्याला स्वतःच्या व आपल्या समूहाच्या सामर्थ्याविषयी जे वाटते त्यावर त्याच्या जीवनाची दिशा पुष्कळ अंशी अवलंबून असते, या विषयावर मराठीत अलीकडे विपुल लेखन होत आहे. त्यातील बहुतेक लेखन एका शब्दावर उभे आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘आत्मविश्वास’. हा शब्द प्रस्तुत विषयाला अपुरा आहे; इतकेच नव्हे, तर त्याच्या योगाने विषयाची मांडणीच वाकडी होते, असे आमचे मत आहे.

आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ साली जी संकल्पना मांडली तिचा रोख व्यक्तीच्या सर्वसाधारण धीटपणावर नाही. अमुक एक काम अमुक परिस्थितीत माझ्याकडून होईल की नाही, याविषयीची जी समजूत, तिचे ते विवेचन आहे. उत्तम पोहणारा मनुष्य सभेत बोलण्यास कचरतो. त्याला आत्मविश्वास आहे म्हणावे की नाही म्हणावे? या समजुतीचे चार उगम बांडुरा सांगतात : स्वतः केलेल्या कार्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहणे, इतरांनी दिलेला भरवसा, आणि शरीर-मनाची तत्कालीन अवस्था. यांत पहिला उगम सर्वांत बलवान. म्हणून आम्ही ‘क्षमताप्रत्यय’ हा शब्द सुचवितो. ‘प्रत्यय येणे’ हे आधी घडल्याखेरीज होत नाही, आणि विश्वास मात्र आंधळाही असू शकतो. (व्याकरणातला प्रत्ययही शब्दाच्या मागूनच लागतो, हे वैयाकरणांच्या ध्यानात येईलच.)

वस्तुतः बोलत्या मराठीने हे भेद कधीच केलेले आहेत. ‘मला पोहता येते’ यात शिकलेली विद्या आहे. ‘मला चालवत नाही’ या शक्य क्रियापदात देहाची मर्यादा आहे. ‘मी जाऊ शकतो’ यात मोकळीक आणि ताकद दोन्ही आहेत. आणि ‘मला जमेल’ यात नेमकी ती समजूत आहे जिच्यासाठी आपले लेखक परभाषेतील परिभाषा धुंडाळीत असतात. शिवाय ‘जमणे’ हे क्रियापद माणसे एकत्र येण्यालाही लागते आणि काम साधण्यालाही. हा निव्वळ योगायोग मानावयास आम्ही तयार नाही.

जामखेडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये उभयतांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९९४ मध्ये त्यांनी आपला अनुभव इंग्रजी ग्रंथात सांगितला. खेड्यांत शिक्षित परिचारिका नेमण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न नीटसा साधला नाही. मग गावांतल्याच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडण्यात आल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ याच नावांनी ज्यांना हाक मारली जाई, अशा स्त्रियांनी बाळंतपणे करावी, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे ते शेजारणीस शिकवावे, हे केवळ प्रोत्साहनपर भाषणांनी घडले नसते. जामखेडला वरचेवर एकत्र येणे, निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एकत्र राहणे-जेवणे, थोडे शिकून गावी जाऊन ते करून पाहणे आणि पुन्हा येऊन सांगणे, असा तो क्रम होता. आधी जमणे, मग जमणे. ‘त्यांच्यात आत्मविश्वास जागृत झाला’ या एका वाक्यात हा सारा क्रम गुंडाळणाऱ्या वृत्तलेखांनी त्यांतले शिकण्यासारखे तेवढेच नेमके गाळले आहे.

राळेगण सिद्धी व हिवरे बाजार यांविषयीच्या लेखनाचा दोष निराळा आहे. तेथे वाक्याचा कर्ताच चुकतो. अमक्यांनी गाव बदलले, अशी ही रचना. गाव कर्माच्या जागी जाऊन बसते. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, पोपटराव पवार १९८९ नंतर सरपंच झाले, आणि दोघांचेही कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु हिवरे बाजारात सिंचनासाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस-केळी लावावयाची नाही, दरसाल पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवावयाची, हे नियम एकट्याच्या निश्चयाने टिकत नाहीत. शेजारीही नियम पाळील, अशी प्रत्येकाची खात्री असावी लागते. बांडुरा ज्याला समूहाची क्षमता म्हणतात ती ही खात्री होय, व्यक्तींच्या आत्मविश्वासांची बेरीज नव्हे.

येथे मराठीचा आणखी एक भेद कामी येतो. इंग्रजीच्या एका सर्वनामाला मराठीत दोन आहेत : ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. गावाच्या सामर्थ्याचे वर्णन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, त्यातल्या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे. राळेगणसंबंधी मुकुल शर्मा यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात दलितांच्या स्थानाचा जो प्रश्न उपस्थित केला आहे, तो याच जातीचा आहे. गौरवपर लेखनात त्याची दखल क्वचितच घेतलेली आढळते.

दुसरी हानी याहून गंभीर आहे. हिवरे बाजार उभे राहिले ते विश्वासामुळे, असे एकदा म्हटले की शेजारची गावे उभी राहिली नाहीत ती विश्वासाच्या अभावी, हे अनुमान आपोआप निघते. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला त्यांना पाणी कमी पडले होते, धीर नव्हे. हिवरे बाजारलाही आदर्श गाव योजनेचे शासकीय साहाय्य लाभले, हे सांगितल्याने गावाचे श्रेय उणावत नाही. न सांगितल्याने मात्र इतर गावांवर अन्याय होतो. ज्या गावाला बांध घालण्यास पैसा नाही, ज्या मजुराला हंगामात ऊसतोडीस जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या ‘जमणार नाही’ या उत्तरात पुष्कळदा परिस्थितीचे अचूक निदान असते. त्याला मनोदौर्बल्य म्हणणे हा टीकाकाराचा आळस होय.

जामखेडच्या अनुभवी आरोग्यसेविका पुढे स्वतःच नव्या स्त्रियांना आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षणार्थींना शिकवू लागल्या. त्यांच्या या बोलण्याचे, त्यातल्या ‘येते’, ‘जमते’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या वापराचे, पद्धतशीर संकलन झाल्यास वरील विवेचनाची कसोटी घेता येईल. अशा संकलनासाठी भाषाभ्यासकाला वृत्तपत्रांच्या कात्रणांपेक्षा जामखेडचीच वाट धरावी लागेल.