यंत्र सीव्ही वाचतं म्हणजे काय करतं?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर एका मित्राने विचारलं, "एटीएसवर बोलणार आहेस? पोलिसांना सांगितलंस का?" आपल्या राज्यात एटीएस म्हटलं की दहशतवादविरोधी पथकच आठवतं. आपलं आजचं एटीएस म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम. कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्ही सीव्ही चढवता, तो ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात जातो ते. वर्कडे, ओरॅकलचं टॅलिओ, सॅपचं सक्सेसफॅक्टर्स, आपल्या चेन्नईवाल्यांचं झोहो रिक्रूट, अशी पुष्कळ आहेत.

मी नोकरभरतीच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलो आहे. कादंबऱ्यांपेक्षा सीव्ही जास्त वाचले असतील. त्यामुळे हा माझ्यासाठी एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि आज मला त्याची समीक्षा करायची आहे. "सीव्ही कसा लिहावा" याचं मार्गदर्शन करणारे गल्लोगल्ली आहेत. माझी तक्रार मुळात त्यांच्याशीच आहे.

आधी एक गंमत बघा. मराठीत "बायोडेटा" हा शब्द हळूहळू लग्नाकडे गेला आणि नोकरीकडे "रेझ्युमे", "सीव्ही" राहिले. पण दोन्हींचं वाचन कसं होतं? लग्नाच्या बायोडेटात घरातलं वडीलधारं माणूस आधी उंची, शिक्षण, पगार, नाडी बघतं. त्यातून जे उरतील ते नीट वाचायचे. म्हणजे चाळणी आधी आणि वाचन नंतर ही पद्धत काही संगणकाने आणलेली नाही. फरक एवढाच की तिथे चाळणी कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आत्याबाईंनी नकार दिला, हे कळतं तरी!

नोकरीत ते कळत नाही, आणि त्या न कळण्यावर एक अख्खा धंदा उभा आहे. त्या धंद्याचं लाडकं वाक्य म्हणजे "७५ टक्के सीव्ही माणसाने बघण्याआधीच यंत्र फेकून देतं." हा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ फिरतो आहे. माग काढणारे शेवटी पोचतात ते अमेरिकेतल्या एका कंपनीपाशी. ती सीव्ही सुधारून देण्याचीच सेवा विकत होती आणि केव्हाच बंद पडली. औषधविक्याने आजाराचा आकडा सांगावा, तसं झालं हे.

मग यंत्र करतं काय? त्याच्या नावातच "ट्रॅकिंग" आहे. ते अर्जांची नोंद ठेवतं. तुमच्या फाइलमधला मजकूर उपसतं आणि नाव, फोन, शिक्षण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, अशा कप्प्यांत भरतं. हा उपसा समजायला आपल्या लोकांना एक सोपं उदाहरण आहे. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली पीडीएफ उघडा. डोळ्यांना छान मराठी दिसतं. त्यातला परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा निघतो! कागदावर दिसतं ते वेगळं आणि फाइलच्या आत असतं ते वेगळं. यंत्राला आतलं मिळतं.

दोन रकान्यांच्या देखण्या सीव्हीचं हेच होतं. डावीकडे कौशल्यं, उजवीकडे अनुभव. साधं सॉफ्टवेअर आडवं वाचत गेलं की निघतं, "टॅली, एक्सेल २०१६ ते २०१९ मराठी, हिंदी सहायक लेखापाल". नवी सॉफ्टवेअर यात सुधारली आहेत, पण तुमचा अर्ज कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पडणार हे तुम्हाला कुठे माहीत असतं? फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला तर काही ठिकाणी तो उचललाच जात नाही. आणि ते तारे! "एक्सेल : पाचपैकी चार तारे." यंत्राला तारा म्हणजे चित्र. मला माणूस म्हणूनही त्याचा अर्थ लागत नाही. पाचवा तारा नेमका कशाने मिळतो?

तेव्हा एक रकाना, साधी शीर्षकं, तारखा एकसारख्या, वर्ड किंवा मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ. आपला सीव्ही कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा; तिथे वाचता आला तर बहुतेक काम झालं. मार्गदर्शकांचा इथपर्यंतचा सल्ला मला मान्य आहे. तो पाच मिनिटांत संपतो. पाच मिनिटांचे पैसे कोण देणार? म्हणून पुढे कीवर्डची विद्या येते.

कीवर्डमध्ये तथ्य आहे, हे आधी कबूल करतो. नोकरी डॉट कॉमच्या रेसडेक्समध्ये भरती करणारा माणूस शब्द टाकूनच शोधतो. तो शब्द तुमच्या सीव्हीत नसेल तर तुम्ही त्याच्यापुरते अस्तित्वातच नाही. विद्यापीठाचं नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं; कुणी जुन्या नावाने शोधतं, कुणी नव्या. दोन्ही लिहा. जीएसटी लिहा आणि वस्तू व सेवा कराचं पूर्ण इंग्रजी नावही लिहा. यात लबाडी नाही. समोरच्याच्या तोंडी जो शब्द आहे तो वापरणं, एवढंच.

बिघडतं ते पुढे. भोसरीतल्या एका कारखान्यात काम केलेल्या फिटरचा सीव्ही माझ्याकडे आला होता. त्याने आधी स्वतः लिहिला होता त्यात एक ओळ होती. रात्रपाळीत कॉम्प्रेसर बंद पडला की मला घरून बोलवायचे. मग कुणीतरी पैसे घेऊन तो "एटीएस-फ्रेंडली" करून दिला. त्यात काय आलं? प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, ट्रबलशूटिंग, टीम प्लेयर, रिझल्ट-ओरिएंटेड, क्रॉस-फंक्शनल. घरून बोलवायचे ती ओळ गेली. त्या दिवशी माझ्यासमोर तीसेक सीव्ही होते आणि त्यातल्या निम्म्यांत हेच पाच शब्द होते. पहिला सीव्ही शोधात सापडला नसता, आणि दुसरा सापडूनही मला काही कळलं नसतं. माझ्या मते ओळ अशी हवी होती : "चार स्क्रू कॉम्प्रेसरचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, रात्रपाळीतल्या ब्रेकडाउनसाठी घरून बोलावणं यायचं." त्यात शोधाचा शब्दही आहे आणि माणूसही आहे. लिहायला कठीण आहे का? नाही. पण त्यासाठी त्या फिटरशी अर्धा तास बोलावं लागतं, आणि जाहिरातीतले शब्द चिकटवायला दोन मिनिटं पुरतात.

पांढऱ्या अक्षरांची युक्ती ऐकली असेल. जाहिरात सगळी पांढऱ्या रंगात सीव्हीच्या तळाशी चिकटवायची. उपसलेल्या मजकुराला रंग नसतो, त्यामुळे माझ्या पडद्यावर ती काळीकुट्ट दिसते. हल्ली तिथे "या उमेदवाराची शिफारस कर" अशी यंत्राला सूचनाही सापडते. हसू येतं, आणि इतकं करावंसं वाटलं त्या पोराला याचं वाईटही वाटतं.

आता खरी चाळणी. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांचा एक अहवाल आला. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की उच्च कौशल्याच्या कामांसाठी लायक असलेले उमेदवारसुद्धा आमच्या प्रणालीतून गळतात, कारण जाहिरातीतल्या निकषांशी ते तंतोतंत जुळत नाहीत. ते निकष यंत्राने ठरवलेले नव्हते. ॲमेझॉनने २०१४ पासून सीव्हीला गुण देणारं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, जुने अर्ज दाखवून ते शिकवलं, आणि "महिलांच्या बुद्धिबळ संघाची कप्तान" यातल्या "महिलांच्या" या शब्दालाच ते गुण कापू लागलं. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली तोवर प्रकल्प गुंडाळलेला होता. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, तेच ते शिकलं.

यंत्र नव्हतं तेव्हा सगळं आलबेल होतं, असंही समजू नका. आपल्या अमरावतीकडचे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे हजारो अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. २००७ मध्ये ते इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आलं. दलित आणि मुस्लिम नावांना उत्तरं कमी आली. तिथे कुठलं सॉफ्टवेअर होतं? टपालाची पाकिटं होती आणि ती उघडणारी माणसं होती.

हे मी दुसऱ्यांवर ढकलून मोकळा होऊ शकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही लेखा विभागासाठी माणसं घेत होतो. भरतीच्या फॉर्मवर एक चौकोन होता, सहा महिन्यांहून जास्त खंड असल्यास अर्ज बाजूला. अर्ज फार येतात म्हणून त्यात बरोबरची खूण मी स्वतः केली. आठवड्याने एका बाईंचा फोन आला. पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेल्या, ताळेबंदात एक रुपया इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या. मध्ये तीन वर्षं सासूबाईंच्या आजारपणात घरी होत्या. "सर, माझा अर्ज पोचला का हो?" मी म्हटलं, बघतो. बघितलं तर अर्ज पोचल्यापोचल्या त्यांना सभ्य भाषेतलं नकाराचं पत्र गेलेलं होतं. खाली माझ्याच विभागाचं नाव.

त्यांच्या सीव्हीत सगळे कीवर्ड होते. एक रकाना होता. नोटपॅडची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला असता. मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, क्लासवाल्यांनी सांगितलंय तारखा काढूनच टाका, फक्त कौशल्यं लिहा. मी म्हटलं, ते करू नका. तारखा नसल्या की सॉफ्टवेअरला अनुभवाची वर्षं मोजता येत नाहीत, आणि माणसाला वाटतं काहीतरी लपवताय. ती तीन वर्षं सरळ नोंद म्हणून घाला, वर्षं घाला, कारण एका ओळीत लिहा, आणि त्या काळात भावाच्या दुकानाची जीएसटी विवरणं भरत होतात ना, तेही लिहा. "ते काय काम झालं?" म्हणाल्या. त्यांच्या मते ते घरचं होतं.

चौकोनातली खूण मी काढली. बाजूला पडलेले अर्ज परत मागवले, त्यांना दोन दुपारी गेल्या. त्यातून दोन जण मुलाखतीला बोलावले, एकाला घेतलं. बाईंना बोलावलं तोवर त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या, कमी पगारावर. तिथे अर्ज कागदावर घेतात.

प्रश्न असतील तर घेऊ. माईक तिकडे मागे द्या.