सिमेंटचे गाव

ग्रामजीवनाचे संग्रहालय ही कल्पनाच थोडी चमत्कारिक आहे. जगणे चालू असते तोवर त्याचे संग्रहालय करण्याची बुद्धी कोणास होत नाही. ते सरत आले, याची खूण पटल्यावर ती होते. म्हणूनच असे संग्रहालय पाहताना त्यात काय मांडले आहे, याइतकाच काय मांडता आलेले नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे याचे दोन ठळक नमुने आहेत. पहिला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, वज्र्या, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू जमविल्या. ही कवीची दृष्टी होय. सुपारी कातरण्याच्या साध्या हत्यारालाही देखणे करू पाहणारा अनामिक कारागीर तिला दिसतो, आणि आपल्यालाही ती तो दाखविते. मात्र वस्तू येथे घरापासून तुटून काचेआड आलेली असते.

दुसरा नमुना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयाचा. 2007 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात वस्तूंऐवजी माणसे आहेत. सिमेंटची, पण हुबेहूब. लोहार, कुंभार, सुतार, न्हावी आपापल्या कामात गढलेले आहेत. स्टॉकहोमच्या स्कॅनसेनमध्ये 1891 पासून खरी जुनी घरे मुळासकट हलवून आणली गेली. येथे गाव नव्याने घडविले आहे. शहरात वाढलेल्या मुलाला भाता म्हणजे काय, चाकावर मडके कसे उठते, हे एका फेरीत समजते. हे यश लहान नव्हे.

पण हे गाव फार शांत आहे. प्रत्येकजण काम करतो आहे. त्या कामाचे त्याला काय मिळते, हे मात्र त्याच्या हातांवरून कळत नाही. जुन्या गावात कारागिराच्या कामाला बहुधा रोकडा भाव नव्हता, बलुते होते. सुगीत खळ्यावर ते धान्यात मोजले जाई, आणि सर्वांचे माप सारखे नसे. थोरली, मधली, धाकटी असे त्याचे दर्जे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 सालच्या ‘गावगाडा’त हा व्यवहार तपशीलवार मांडला आहे. कारागिरी हातात असते, पण गाव असते ते या मापात. मूर्तीला हात देता येतात; माप कसे देणार?

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगानावर कठोर टीका केली. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हावयास 1958 उजाडले. स्वयंपूर्ण गावाचे चित्र पाहून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. ती स्वयंपूर्णता सर्वांच्या वाट्यास सारखी आलेली नव्हती.

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरासारख्या वस्तीतून पाहिले, की आणखी एक उणीव जाणवते. अशा वस्त्यांत खेडे सोडून आलेली कुटुंबे भेटतात. त्यांना जाते, सूप, मोट यांची ओळख करून देण्याची गरज नाही. आपण तेथून का निघालो, याचे उत्तर कोणत्याच दालनात नाही, ही त्यांची तक्रार असू शकेल. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी आणि मजूर एकाच कामावर खडी फोडीत बसले. तो हातोडाही ग्रामजीवनातीलच वस्तू होय. परंतु तो देखणा नाही, आणि त्याला नक्षी नाही.

मराठवाड्यात असे संग्रहालय उभारावयाचे झाल्यास मूर्ती कमी असल्या तरी चालतील. सुताराच्या वाकसापाशी त्याच्या वाट्याच्या धान्याची रास असावी, आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्याच्या वाट्याची रास तिच्याशेजारीच असावी, म्हणजे दोहोंतील अंतर पाहणाऱ्याला आपोआप दिसेल. पुढे तो हातोडा ठेवावा. त्यावर काही लिहावयाचेच तर फक्त साल लिहावे.